खवट शेंगदाण्यापासून हिरव्या कॅप्सूलपर्यंत : ई जीवनसत्त्वाची पायरीपायरीने ओळख

उन्हाळा सरत आला की आमच्या परभणीकडच्या घरांत एक काम हमखास निघते. वर्षाच्या बेगमीचा शेंगदाण्याचा डबा उघडला जातो, तळातले मूठभर दाणे ताटात पसरले जातात आणि घरातली जाणती बाई त्यातला एक दाणा दातांखाली धरते. दाणा गोडसर लागला तर डब्याचे झाकण पुन्हा बसते. जिभेच्या मागच्या बाजूला कडवट, घशाशी खरखरणारी चव उतरली तर "खवट झाले गं" असे म्हणून ते दाणे वेगळे काढले जातात. माझी आई हे करताना नेहमी एक गोष्ट दाखवायची : फुटून दोन डाळी झालेले आणि साल निघालेले दाणे आधी खवट होतात, लाल सालीचे अखंड दाणे मागाहून होतात, आणि शेंगेतच राहिलेले दाणे सगळ्यांत शेवटी. ई जीवनसत्त्व समजून घ्यायचे असेल तर सुरुवात या डब्यापासून करावी, असे माझे मत आहे. औषधाच्या दुकानातली हिरवी मऊ कॅप्सूल हातात आल्यावर "ही केसांसाठी, ही चेहऱ्यासाठी, ही पायात गोळे येतात त्यासाठी" असे अनेक सल्ले कानावर पडतात, पण हा पदार्थ शरीरात नेमके काय करतो हे फारसे कोणी सांगत नाही. तेवढे एकदा कळले की बाकीचे सल्ले पारखणे सोपे जाते.

पहिली पायरी : काम समजून घ्यावे

शेंगदाणा, करडई, तीळ, जवस, कारळे या सर्व गळिताच्या बियांत तेल असते. त्या तेलातला स्निग्धाम्लांचा (फॅटी ॲसिडचा) मोठा भाग असा असतो की त्याला हवेतला प्राणवायू सहज चिकटतो. प्राणवायू चिकटलेला एक कण शेजारच्या कणातून हायड्रोजन ओढून घेतो, तो शेजारचा कण पुढच्याकडून ओढतो, आणि वाळलेल्या गवताला लागलेली आग जशी एका काडीवरून दुसरीवर जाते तशी ही साखळी तेलभर पसरत जाते. शेवटी जे तुकडे उरतात त्यांचा वास आणि चव म्हणजे आपला खवटपणा. बियांमध्ये या साखळीला आडवा येणारा एक पदार्थ निसर्गतःच असतो. तो स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतो आणि ओढाओढ तिथेच थांबवतो. हा पदार्थ म्हणजेच ई जीवनसत्त्व.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या भोवती स्निग्ध पदार्थांचे एक पातळ आवरण असते आणि त्यातही अशीच नाजूक स्निग्धाम्ले असतात. रक्तातील लाल पेशी, मज्जातंतू, डोळ्यांचा पडदा आणि स्नायू यांची आवरणे अखंड राहावीत म्हणून ई जीवनसत्त्व त्या आवरणातच जाऊन बसते. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते, त्यामुळे त्याची जागाही तीच आणि कामही तेच. हायड्रोजन देऊन रिकाम्या झालेल्या ई जीवनसत्त्वाला पुन्हा कामाला जुंपण्यासाठी क जीवनसत्त्वाची मदत होते, म्हणून जेवणात लिंबाची फोड, पेरू किंवा आवळा असणे याच हिशोबात धरावे.

त्याचा शोध मात्र वेगळ्याच वाटेने लागला. १९२२ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांनी उंदरांच्या माद्यांना शुद्ध केलेल्या घटकांचा ठरावीक आहार दिला. माद्या वाढल्या, गाभण राहिल्या, परंतु पोटातली पिल्ले जगली नाहीत. त्याच आहारात लेट्यूसची हिरवी पाने किंवा गव्हाचा अंकुर मिळाला की पिल्ले सुखरूप जन्मत. म्हणून पुढे या पदार्थाला 'टोकोफेरॉल' असे नाव मिळाले. ग्रीक भाषेतील 'टोकोस' म्हणजे अपत्यजन्म आणि 'फेरेइन' म्हणजे वाहून नेणे, यांतून ते तयार झाले आहे. या नावामुळे एक गैरसमजही रूढ झाला : मूल राहण्यासाठी किंवा गरोदरपणात जपणूक म्हणून ई जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी, असे आजही सांगितले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गरोदरपणाविषयी दिलेल्या शिफारशींत ई आणि क जीवनसत्त्वांच्या जादा गोळ्या सरसकट देऊ नयेत, असेच म्हटले आहे. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे आणि त्या चुकवू नयेत.

दुसरी पायरी : एकाच नावाची आठ भावंडे ओळखावीत

ई जीवनसत्त्व हा एकच पदार्थ नाही, ते आठ पदार्थांचे कुटुंब आहे. त्यात चार टोकोफेरॉल आणि चार टोकोट्रायनॉल असून दोन्हीकडे अल्फा, बीटा, गॅमा आणि डेल्टा अशीच नावे आहेत. टोकोट्रायनॉल मुख्यतः पाम तेलात आणि तांदळाच्या कोंड्याच्या तेलात आढळतात. आपल्या भागातील बियांत टोकोफेरॉलच अधिक. करडई, सूर्यफूल आणि बदाम यांत अल्फा टोकोफेरॉलचा वाटा मोठा असतो, तर सोयाबीन, तीळ आणि जवस यांत गॅमाचा.

हा फरक महत्त्वाचा का, ते यकृतात कळते. आतड्यातून आठही प्रकार पित्ताच्या आणि जेवणातल्या स्निग्धांशाच्या मदतीने रक्तात येतात आणि यकृतापर्यंत पोहोचतात. तिथे एक विशिष्ट प्रथिन अल्फा टोकोफेरॉल तेवढे निवडून पुन्हा रक्तात सोडते आणि उरलेल्यांची बहुतेक विल्हेवाट लागते. म्हणून माणसाची रोजची गरज मोजताना फक्त अल्फा टोकोफेरॉल धरले जाते. गॅमा तेल टिकवण्याचे काम उत्तम करतो, पण शरीराच्या हिशोबात त्याची नोंद जवळजवळ होत नाही. "सोयाबीन तेलात भरपूर ई जीवनसत्त्व असते" हे वाक्य एका अर्थाने खरे आणि दुसऱ्या अर्थाने अपुरे का आहे, ते यावरून लक्षात यावे.

तिसरी पायरी : आपल्या ताटाचा हिशोब करावा

अमेरिकेच्या प्रमाणकांनुसार प्रौढ स्त्री-पुरुषांना दिवसाला १५ मिलिग्रॅम आणि अंगावर पाजणाऱ्या आईला १९ मिलिग्रॅम अल्फा टोकोफेरॉल पुरेसे असते. हिशोब शिकण्यासाठी १५ हा आकडा सोयीचा आहे. आता आपले स्वयंपाकघर पाहू. १०० ग्रॅम सूर्यफूल तेलात सुमारे ४१ मिलिग्रॅम, सरकीच्या तेलात ३५, करडईच्या तेलात ३४, शेंगदाणा तेलात १६, सोयाबीन तेलात ८ आणि तिळाच्या तेलात दीड मिलिग्रॅमच्या आसपास अल्फा टोकोफेरॉल असते. खोबरेल तेलात ते नावापुरतेच. १०० ग्रॅम बदामात सुमारे २५, सूर्यफुलाच्या बियांत ३५ आणि शेंगदाण्यात ८ मिलिग्रॅम असते. शिजवलेली पालकाची भाजी अर्धी वाटी खाल्ली तर पावणेदोन ते दोन मिलिग्रॅम पदरात पडते. हे आकडे जातीनुसार, जमिनीनुसार आणि साठवणीनुसार थोडे इकडेतिकडे होतात, पण क्रम साधारण हाच राहतो.

पोह्यांच्या मोठ्या चमच्यात, म्हणजे साधारण १५ मिलिलिटरमध्ये, साडेतेरा ग्रॅम तेल बसते. एका माणसाच्या वाट्याला दिवसभरात असे दोन चमचे तेल येते असे धरले, तर करडईच्या तेलातून सुमारे ९ मिलिग्रॅम मिळतात. त्याच्या जोडीला ३० ग्रॅम, म्हणजे एक भरली मूठ, शेंगदाणे घेतले तर सव्वादोन ते अडीच, आणि अर्धी वाटी पालेभाजीतून आणखी दोनच्या आत-बाहेर. भाकरी, डाळ आणि इतर माळव्यातले थोडेथोडे धरले की आपण १५ च्या जवळ पोहोचतो. तेच घर शेंगदाणा तेल वापरत असेल तर दोन चमच्यांतून चार आणि सोयाबीन तेल वापरत असेल तर दोनच मिलिग्रॅम मिळतात, आणि मग मूठभर शेंगदाणे किंवा चार-पाच बदाम यांचे मोल वाढते.

इथे एक गोष्ट निसटता कामा नये. करडई आणि सूर्यफूल यांच्या तेलात नाजूक स्निग्धाम्ले जास्त असतात, म्हणून त्यांना राखण्यासाठी ई जीवनसत्त्वही जास्त खर्ची पडते. त्यामुळे आकडा वाढावा म्हणून तेलाची धार वाढवणे योग्य ठरत नाही. चमचे तेवढेच ठेवून तेल कोणते, हे पाहावे. मी स्वतः करडई आणि शेंगदाणा अशी दोन तेले आलटून पालटून वापरण्याच्या बाजूची आहे.

चौथी पायरी : तेल निवडणे, ठेवणे आणि वापरणे

माझ्या दृष्टीने या लेखाचा गाभा इथे आहे, कारण कॅप्सूलचा प्रश्न काही लोकांपुरता असतो आणि तेलाचा प्रश्न प्रत्येक घराचा असतो.

करडई हे मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचे जुने रब्बी पीक आहे. ज्वारीच्या पट्ट्यांना लागून केशरी-पिवळ्या फुलांच्या करडईच्या ओळी, कोवळेपणी तिच्या पानांची भाजी, आणि फाल्गुनात पहाटेच्या दवाने काटे मऊ असतानाच उरकायची काढणी, हे आमच्या पिढीने पाहिलेले आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' ही करडईची जातही दिली आहे. तरीही सोयाबीनच्या लाटेत करडईचे क्षेत्र आक्रसत गेले आणि करडईचे तेल कित्येक घरांतून उठले. ज्यांच्या गावाजवळ लाकडी घाणा आहे त्यांनी आपली करडई किंवा शेंगदाणे नेऊन डोळ्यांदेखत तेल काढून घ्यावे. तेल एक-दोन दिवस झाकून निवू द्यावे, गाळ खाली बसला की वरचे निवळ तेल अलगद ओतून घ्यावे. गाळात ओल असते आणि ओलीमुळे तेल लवकर बिघडते.

पण घाण्याच्या तेलाविषयी वाटेल तसे दावे करणेही बरोबर नाही. रिफाइंड तेलाचा वास काढताना ते २०० अंशांपेक्षा जास्त तापमानाला निर्वात भांड्यात वाफेने धुतले जाते आणि त्या वाफेबरोबर ई जीवनसत्त्वाचा काही भाग निघून जातो, हे खरे आहे. तरीही बराच भाग तेलातच राहतो. रिफाइंड सूर्यफूल किंवा करडईचे तेल ई जीवनसत्त्वाच्या बाबतीत घाण्याच्या तीळतेलापेक्षा कितीतरी पुढे असते. वाफेबरोबर निघून गेलेला तो भाग वायाही जात नाही : बाजारात 'नैसर्गिक ई जीवनसत्त्व' म्हणून जे विकले जाते त्याचा मोठा हिस्सा सोयाबीन तेलाच्या याच प्रक्रियेतून मिळालेल्या उपउत्पादनापासून, गॅमाचे रूपांतर अल्फात करून, तयार होतो. लातूरच्या आडतीवर पोत्यांच्या थप्प्या पाहताना ही गोष्ट मला नेहमी आठवते.

पाकीट घेताना दोन ओळी वाचाव्यात. पहिली ओळ अँटिऑक्सिडंटची, म्हणजे खवटपणा रोखणाऱ्या पदार्थाची असते : आयएनएस (अन्नात घालायच्या पदार्थांचा ठरावीक क्रमांक) ३०६ किंवा ३०७ असेल तर टोकोफेरॉल घातलेले असते आणि ३१९ असेल तर टीबीएचक्यू नावाचा कृत्रिम पदार्थ असतो, जो ठरवून दिलेल्या मर्यादेत वापरण्यास परवानगी आहे. दुसरी म्हणजे '+एफ' हे चिन्ह. त्यावरून अनेकांना वाटते की तेलात सगळी जीवनसत्त्वे घातली आहेत. प्रत्यक्षात तेलाच्या पाकिटावर त्याचा अर्थ अ आणि ड ही दोनच जीवनसत्त्वे वाढवली आहेत असा होतो, ई जीवनसत्त्वाशी त्याचा संबंध नाही.

आता साठवण. ऊन, हवा, उष्णता आणि तांबे-लोखंड यांसारखे धातू ही ई जीवनसत्त्वाला लवकर संपवणारी चार कारणे आहेत, आणि मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असताना पहिली तीन आपोआप हजर असतात. म्हणून दुकानाच्या दर्शनी भागात, उन्हात मांडलेली पारदर्शक बाटली घेऊ नये. पंधरा किलोचा डबा घरी आणला तर तो फोडल्याबरोबर तेल लहान स्टीलच्या डब्यांत किंवा गडद काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरावे आणि एकावेळी एकच उघडावी, कारण अर्ध्या रिकाम्या डब्यात तेलाइतकीच हवा भरलेली असते. जागा चुलीपासून, शेगडीपासून आणि फ्रीजच्या मागच्या गरम बाजूपासून दूर असावी. घाण्याचे तेल दोन-तीन महिन्यांत संपेल इतकेच काढावे.

बहुतेक घरांत दुर्लक्षित राहणारी वस्तू म्हणजे तेलाची किटली. एखादी जुनी किटली रिकामी करून तिच्या तळाशी बोट फिरवून पाहा. पिवळसर-तपकिरी, चिकट, राळेसारखा थर हाताला लागतो आणि त्याला ओल्या रंगासारखा वास येतो. तो थर म्हणजे पूर्ण खवट झालेले तेल. त्यावर ताजे तेल ओतले की खवटपणाची साखळी नव्या तेलात लगेच सुरू होते आणि त्यातले ई जीवनसत्त्व पहिल्या आठवड्यापासूनच खर्च होऊ लागते. दर पंधरा दिवसांनी किटली रिकामी करून गरम पाणी आणि साबणाने घासावी, उन्हात कोरडी ठणठणीत करावी आणि मगच पुन्हा भरावी. माझ्या घरी एवढ्या एका सवयीने तेलाचा वास बदलला.

वापरताना उष्णतेचा विचार करावा. फोडणीपुरते तापलेल्या तेलात बरेच ई जीवनसत्त्व टिकते, मात्र धूर येईपर्यंत तापवलेल्या आणि पुन्हापुन्हा तळणीला वापरलेल्या तेलात ते झपाट्याने संपते. कुरडया-पापड तळून उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजीला वापरून टाकावे, पुन्हा कढईत घालू नये. तळणीच्या तेलातील बिघाडाच्या घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते वापरू नये, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आहे. घरी ते मोजता येत नाही, पण काळपट रंग, दाटपणा आणि न विरणारा फेस या तीन खुणा पुरेशा आहेत. याच्या उलट, जवसाची किंवा कारळ्याची चटणी ताटात वाढून, तिला मधोमध आळे करून त्यात चमचाभर कच्चे तेल सोडून गरम भाकरीबरोबर खाण्याची आपली पद्धत ई जीवनसत्त्वासाठी उत्तम आहे, कारण त्या चमच्यातले काहीच आचेवर जात नाही.

शेंगदाण्याचे कूटही आठ-दहा दिवसांपुरतेच करावे. दाणा कुटला की त्याचा अंश न् अंश हवेला उघडा पडतो.

पाचवी पायरी : कॅप्सूलचे पाकीट वाचावे

कॅप्सूलच्या पट्टीवर सहसा 'टोकोफेरिल ॲसिटेट ४०० मिलिग्रॅम' असे काहीतरी छापलेले असते. 'ॲसिटेट' म्हणजे टोकोफेरॉलच्या हवेशी लगेच गाठ पडणाऱ्या टोकाला लावलेले झाकण. त्यामुळे ते कॅप्सूलमध्ये महिनोन्महिने टिकते आणि आतड्यात गेल्यावर पाचकरस ते झाकण काढून टाकतात. नावाच्या आधी 'डी' असेल तर ते नैसर्गिक रचनेचे आणि 'डीएल' असेल तर कारखान्यात बनवलेले कृत्रिम मिश्रण असते. कृत्रिम मिश्रणात अल्फाच्याच रेणूची आठ रूपे असतात आणि त्यांपैकी चारच शरीराच्या हिशोबात धरली जातात. यामुळे नैसर्गिक प्रकाराचे १ आंतरराष्ट्रीय एकक, म्हणजे आययू, ०.६७ मिलिग्रॅम अल्फा टोकोफेरॉलच्या बरोबरीचे आणि कृत्रिमचे १ आययू ०.४५ मिलिग्रॅमच्या बरोबरीचे मानतात.

आता गणित करू. ४०० मिलिग्रॅम डीएल टोकोफेरिल ॲसिटेट म्हणजे ४०० आययू, आणि त्याला ०.४५ ने गुणले की १८० मिलिग्रॅम. दिवसाची गरज १५. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये बारा दिवसांची गरज भरलेली आहे. हा आकडा पाहिल्यावर "जीवनसत्त्वच तर आहे, रोज एक घेतली तर काय बिघडले" हे वाक्य आपण वेगळ्या कानांनी ऐकतो. अमेरिकेत गोळ्यांमधून घ्यायची वरची मर्यादा दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि युरोपात ३०० मिलिग्रॅम ठरवलेली आहे. मर्यादा म्हणजे ओलांडू नये अशी रेघ, तिथपर्यंत रोज जावे असा तिचा अर्थ नाही.

सहावी पायरी : गरज कोणाला आणि धोका कोणाला, हे तपासावे

साधे, पोटभर जेवणाऱ्या माणसात ई जीवनसत्त्वाची उघड कमतरता क्वचित आढळते. ती दिसते ती स्निग्ध पदार्थ पचत किंवा शोषले जात नाहीत अशा आजारांत, जसे पित्ताचा मार्ग अडणे, दीर्घकाळचे यकृताचे किंवा आतड्याचे विकार, सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार, तसेच यकृतातील ते निवड करणारे प्रथिनच जन्मतः सदोष असणे. हातापायांची संवेदना कमी होणे, चालताना तोल जाणे, स्नायूंची शक्ती जाणे आणि दृष्टीवर परिणाम होणे ही तिची लक्षणे आहेत, आणि तिचे निदान डॉक्टरांनी करायचे असते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचाही साठा कमी असतो. बाळंतपणानंतर येणारे पहिले पिवळसर दूध, चीक, ई जीवनसत्त्वाने समृद्ध असते. ते "जड असते" म्हणून पिळून टाकण्याची चाल अजून काही घरांत दिसते, ती बंद व्हायला हवी.

निरोगी माणसाने मोठ्या मात्रेत घेतल्यास हृदयविकार टळेल, कर्करोग टळेल, अशी आशा एकेकाळी मोठ्या संशोधकांनाही होती. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'होप' या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या साडेनऊ हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना रोज ४०० आययू नैसर्गिक ई जीवनसत्त्व सुमारे साडेचार वर्षे दिले गेले, तरी फायदा दिसला नाही. 'सिलेक्ट' या पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत तर रोज ४०० आययू कृत्रिम ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त आढळले, आणि तो निष्कर्ष २०११ मध्ये जाहीर झाला. दुसऱ्या बाजूला, मधुमेह नसलेल्या पण यकृतात चरबी साचून दाह झालेल्या रुग्णांच्या २०१० मधील एका चाचणीत ८०० आययूने यकृताची स्थिती सुधारलेली दिसली. म्हणजे या मात्रेत ते औषध आहे, आणि औषध म्हणूनच, ठरावीक रुग्णाला, डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायचे असते.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी विशेष सांभाळावे. जास्त मात्रेतील ई जीवनसत्त्व के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते आणि रक्त गोठण्यास वेळ लागतो. माझ्या एका काकूंच्या हृदयाची झडप बदललेली होती आणि त्यांना वॉरफरिन चालू होते. पायात गोळे येतात म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून त्या तीन महिने रोज एक हिरवी कॅप्सूल घेत होत्या, आणि ती "गोळ्या-औषधांत मोडत नाही" म्हणून त्यांनी डॉक्टरांना सांगितलीच नव्हती. दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तपासणीत रक्त फारच पातळ झालेले निघाले, तेव्हा कुठे पिशवीतली ती पट्टी बाहेर आली. कारण तेवढे एकच होते की नाही हे सांगता येणार नाही, पण डॉक्टरांनी पहिल्यांदा बंद केली ती तीच. वॉरफरिन, ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल, कोणतीही शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ई जीवनसत्त्वाची पट्टी प्रत्यक्ष नेऊन डॉक्टरांना दाखवावी.

डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिलीच असेल तर ती उपाशीपोटी घेऊ नये. जेवणात थोडे तेल-तूप असले तरच ती नीट शोषली जाते.

चेहरा, केस आणि जखमेचे व्रण

कॅप्सूल टोचून तिच्यातले चिकट तेल चेहऱ्याला किंवा व्रणाला लावण्याची पद्धत आता खेड्यापाड्यांत पोहोचली आहे. कोरड्या त्वचेवर कोणतेही तेल लावले तरी ओलावा टिकतो, तेवढा उपयोग याचाही होतो, आणि तेवढ्यासाठी हिवाळ्यात अंगाला चोळलेले साधे करडईचे तेलही चालते. व्रण पुसट होतो या समजुतीला मात्र आधार नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या व्रणांवर ई जीवनसत्त्व लावून पाहिले तेव्हा बहुतेकांना लाभ झाला नाही आणि जवळपास एक तृतीयांश जणांच्या त्वचेवर खाज-पुरळ उठले. म्हणून लावायचेच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दोन दिवस वाट पाहावी, उघड्या जखमेवर लावू नये आणि चेहऱ्यावर मुरुमे असतील तर टाळावे. केस गळत असतील तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेणे अधिक उपयोगाचे ठरते.

ज्यांच्या दावणीला जनावरे आहेत त्यांच्यासाठी

हिरव्या चाऱ्यात ई जीवनसत्त्व भरपूर असते. चारा कापून वाळवला, महिनोन्महिने गंजीत राहिला की ते मोठ्या प्रमाणात नाहीसे होते. त्यामुळे उन्हाळाभर निव्वळ कडब्यावर असलेल्या गाभण गाई-म्हशींचा साठा विण्याच्या सुमारास खालावलेला असू शकतो. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम हे खनिज दोन्ही कमी असतील तर जार अडकण्याचे आणि कासदाहाचे प्रमाण वाढते, म्हणून पशुवैद्य विण्याआधी काही आठवडे दोन्हींचे एकत्रित इंजेक्शन देतात. ते स्वतःच्या अंदाजाने टोचू नये, कारण सेलेनियमची योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांतले अंतर थोडे असते. आपल्या हातात असलेली गोष्ट म्हणजे थोडी तरी हिरवी वैरण, घासाची एखादी पेंढी, गाभण जनावरासाठी राखून ठेवणे.

लाल कंधारी असो की देवणी, वासरू जन्मते तेव्हा त्याच्या अंगात ई जीवनसत्त्व अगदी थोडे असते आणि ते त्याला मिळते चिकातून. गाय व्याली की शेजारीपाजारी खरवसाची वाट पाहू लागतात आणि कासंडी लगेच कासेखाली जाते. वासराला पहिल्या एक-दोन तासांत पोटभर चीक पाजावा, संध्याकाळी पुन्हा पाजावा, आणि त्याचे पोट भरून जो उरेल त्याचाच खरवस लावावा.